हातातलं काम खाली कसं ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर अहवाल, मेल, चॅट आणि फोन यांच्यात तुमची ओढाताण होते. एखाद्या कामात जरा कुठे सूर लागतोय, तोवर दुसरं काहीतरी समोर येऊन उभं राहतं. पंचवीस मिनिटांचा टायमर लावून बघितलात, नोटिफिकेशनं बंद करून बघितलीत, पण आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आता तुम्ही विचारताय की एका वेळी एकच काम करायला शिकावं, की उलट डोक्यालाच चार कामं एकदम पेलायची सवय लावावी? कारण वरिष्ठांना प्रत्येक मेसेजचं उत्तर ताबडतोब हवं असतं.

मी नोकरदारांचं आणि विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार साधारण हीच असते. तुमच्या लिहिण्यातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: 'संध्याकाळी जीव थकलेला असतो, पण अमुक एक काम झालं असं काही सांगता येत नाही.' माझ्या मते खरी गोम इथे आहे. तुम्हाला काम सुरू करता येतं, त्यात रमताही येतं. सोडताना मात्र गडबड होते. हातातलं काम बाजूला ठेवताना ते कुठवर आलं होतं आणि पुढे काय करायचं होतं, हे पक्कं होत नाही. मग ते काम तुमची पाठ सोडत नाही. तुम्ही मेलला उत्तर देत असता आणि मागे अहवाल वळवळत असतो.

आधी तो सवयीचा प्रश्न निकालात काढू. चार कामं एकदम पेलायचं शिक्षण डोक्याला देता येतं का? तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने, नाही. चालता चालता बोलता येतं, कारण चालणं अंगवळणी पडलेलं असतं, त्यात पावलोपावली निर्णय घ्यावे लागत नाहीत. पण मेल लिहिणं आणि फोनवरचं ऐकणं, दोन्हींना शब्द लागतात, दोन्हींचा अर्थ लावावा लागतो. ती एका वेळी होत नाहीत. आपण एकातून दुसऱ्यात उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ, थोडी ताकद जाते.

पटत नसेल तर एक कागद घ्या. आधी क पासून म पर्यंतची अक्षरं सलग लिहा, मग खाली १ ते २५ आकडे. किती वेळ लागला ते बघा. आता हेच आलटून पालटून लिहा: क, १, ख, २, ग, ३. सुरुवात अगदी झोकात होते. च-वर्ग संपता संपता पेन अडखळतं. ञ लिहून झाला, आता १० की ११? माणसं मागे वळून बोटावर मोजायला लागतात. दोन्ही गोष्टी लहानपणापासून तोंडपाठ असूनही ही गत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्ये लोकांना बेरीज आणि वजाबाकी आलटून पालटून करायला लावली, तेव्हा हेच दिसलं. एकाच प्रकारची गणितं सलग करण्यापेक्षा आलटून पालटून करायला जास्त वेळ लागत होता. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. काम कधी बदलणार हे आधीच ठाऊक असलं आणि तयारीला पुरेसा वेळ दिला, तरी हा उशीर कमी होतो, पण पुरता जात नाही.

याला अपवाद असणारी माणसं आहेत. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांना गाडी चालवण्याच्या आभासी यंत्रावर बसवलं आणि त्याच वेळी फोनवरून स्मरणाची आणि गणिताची कामं दिली. साधारण २.५ टक्के लोकांची कामगिरी दोन्ही बाजूंनी जराही ढासळली नाही. गंमत अशी की माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण सुरुवातीला स्वतःला त्याच अडीच टक्क्यांत धरून चालतो.

आता तुमच्या थकव्याकडे येऊ. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्यांच्या कामात मध्ये मध्ये खंड पाडला, त्यांनी काम उलट लवकर संपवलं आणि दर्जाही घसरला नाही. पण त्यांचा ताण, चिडचिड आणि घाई वाढलेली होती. हे मला फार खरं वाटतं. खंड पडला की आपण कसर भरून काढायला वेग वाढवतो. काम निभावतं, वरिष्ठांना काही वावगं दिसत नाही, आणि किंमत मात्र संध्याकाळी तुम्ही मोजता. त्यामुळे 'मी आळशी आहे का' हा जो प्रश्न तुम्ही जाता जाता टाकलाय, तो मनातून काढून टाका.

मग सोडण्याचं काय? सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामात रेंगाळतो आणि पुढचं काम कच्चं होतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी टेरेसा ग्लोम यांच्यासोबत यावरचा एक उपाय तपासला. मधलं काम हातात घेण्याआधी लोकांनी, आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं, हे चटकन लिहून ठेवलं. त्यांचं लक्ष मागे कमी रेंगाळलं आणि मधलं काम जास्त चांगलं झालं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचं २०११ मधलं कामही याच दिशेचं आहे. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की काम पूर्ण न होताही ते घोळणं शमतं.

हे संशोधन वाचण्याआधीपासून मी लोकांना चिठ्ठी लिहायला सांगत आले आहे, कारण उपयोग होताना दिसत होता. पण चिठ्ठीच्याही आधी एक पायरी आहे आणि ती बहुतेक जण गाळतात.

एक साधा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'ओढलं', उजवीकडे 'वळलो'. काम करताना दुसऱ्या कुणामुळे लक्ष सुटलं, म्हणजे फोन वाजला, कुणी हाक मारली, तर डावीकडे एक रेघ. कुणी काही म्हटलेलं नसताना तुम्ही स्वतःच मेल उघडलीत, फोन उचललात, उगाच उठलात, तर उजवीकडे. दोन-तीन दिवस एवढंच करायचं. सुधारायचं काहीही नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. मालाच्या साठ्याचे मासिक अहवाल करणारे एक गृहस्थ होते. त्यांची ठाम खात्री होती की शेजारचे लोक त्यांना काम करू देत नाहीत. कागद घेऊन आले तेव्हा रेघा बऱ्याचशा उजवीकडे होत्या. त्यांनी हौसेने वेळाही टिपल्या होत्या, म्हणून आम्हाला पुढचं दिसलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तक्ता उघडला. सव्वाअकराला एक बेरीज जुळेना. अकरा सोळाला मेल उघडली, तिच्यात काही नव्हतं. अकरा अठराला एका चॅटला उत्तर दिलं, ज्याला संध्याकाळी दिलं असतं तरी चाललं असतं. अकरा पंचवीसला परत तक्ता, आणि तीच बेरीज. दुपारच्या रेघाही अशाच एखाद्या न जुळणाऱ्या आकड्याच्या आसपास गोळा झालेल्या. काम अवघड झालं, निर्णय घ्यायची वेळ आली, की ते अलगद दुसरीकडे सरकत होते. आणि सरकायला मेलइतकं सभ्य निमित्त दुसरं नाही, कारण तेही कामच असतं!

तुमचं असंच असेल असं मी म्हणत नाही. डावीकडच्या रेघा जास्त निघाल्या तर तुमचं म्हणणं खरं, आणि उपाय वेगळा. पण कागद न भरता कुठलाही उपाय करायला गेलात तर तो अंधारात मारलेला दगड ठरेल.

आता चिठ्ठी. लोक चिठ्ठीत 'अहवाल पूर्ण करणे' असं लिहितात. याचा काडीचा उपयोग नाही. परत आल्यावर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं की कुठे होतो. त्या गृहस्थांची चिठ्ठी शेवटी अशी झाली: 'तिसरा तक्ता, मागच्या महिन्याची बेरीज जुळत नाही. आधी परत आलेल्या मालाची ओळ बघ. तीही नसेल तर गोदामाला विचार.' तीन गोष्टी आहेत यात: कुठे होतो, काय अडलंय, आणि परत आल्यावर हात पहिल्यांदा कुठे घालायचा. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ती इतकी लहान हवी की विचार न करता सुरू करता यावी. लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ समोरचा माणूस थांबतो. 'हे एवढं टिपून घेतो, मग बोलू' म्हटल्यावर राग आल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

चिठ्ठी कागदावरच लिहा. कारण अगदी व्यवहारी आहे: फोनमधलं ॲप उघडायला गेलात की वाटेत चार लाल ठिपके भेटतात. आणि ती कीबोर्डवर ठेवा, म्हणजे ती उचलल्याशिवाय दुसरं काही टाइपच करता येणार नाही.

एक बारकावा. थांबायची वेळ तुमच्या हातात असेल तर अवघड जागेवर थांबू नका. दोन पावलं पुढे जा, पुढचं काय हे स्पष्ट झालं की थांबा. अडलेल्या जागेवर सोडलेल्या कामाकडे परत यायला मन राजी नसतं, आणि ते टाळण्यासाठी आपण आणखी तीन कामं अंगावर घेतो. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तसं होतं ते बरेचदा इथून.

तुमचा टायमर का टिकला नाही, याचाही अंदाज आता करता येईल. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती पंचवीस मिनिटांची पद्धत बसवली. पद्धत वाईट नाही, पण पंचवीस या आकड्यात जादू नाही. तुम्ही लिहिलंय की घंटा वाजली की तुम्ही पाच मिनिटं फोन बघायचात. म्हणजे घंटेने काम मध्येच तोडलं, चिठ्ठी नाही, आणि विश्रांती म्हणून तुम्ही आणखी एक वाचायचं, अर्थ लावायचं काम उघडलंत. त्याचाही एखादा मेसेज अर्धवट राहिला असेलच. परत आलात तेव्हा डोक्यात दोन अपुऱ्या गोष्टी. विश्रांतीत उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा, डोळे मिटा. नवीन काही आत घेऊ नका. सूर लागलेला असताना घंटा वाजली तर खुशाल दुर्लक्ष करा.

क्रमाने करायच्या कामांना, म्हणजे आकडे भरणं, यादी तपासणं, टप्प्याटप्प्याची नोंद, वेगळा नियम लावा. तिथे अगदी छोटा खंडही महागात पडतो. आल्टमन, ट्रॅफ्टन आणि हॅम्ब्रिक यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययानेही क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या. मान वर करून 'हो, पाठवतो' म्हणायला लागतो तेवढा हा वेळ. अशा कामात चिठ्ठी लिहायला सवड नसते, म्हणून मान वर करण्याआधी बोट ओळीवर ठेवा, किंवा पट्टी ठेवा, किंवा स्क्रीनवर ती ओळ रंगवा. दिसायला पोरकट, पण हिशेब तपासणारे अनुभवी लोक हेच करताना दिसतील.

आता तुमचे वरिष्ठ. इथे माझं उत्तर तुमच्या कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही. उत्तर देणं हेच तुमचं काम असेल, म्हणजे मदतकक्षात, स्वागतकक्षात किंवा तक्रारी घेण्यावर असाल, तर तासन् तास एकाच कामात बुडून जाण्याचा आदर्श तुमच्यासाठी नाही, आणि तो गाठता येत नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे कामाचे तुकडे लहान करा, चिठ्ठीची सवय पक्की करा, आणि सलग वेळ लागणारं काम असेल तर तेवढा वेळ फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, अशी पाळी लावून घ्या.

पण अहवाल हे मुख्य काम असेल आणि मेसेज वरून येत असतील, तर बोलावंच लागेल. लक्ष देण्याची जबाबदारी एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर टाकायची नसते, हे जोखमीच्या धंद्यांनी कधीच ओळखलं आहे. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की प्रवासी विमान १०,००० फुटांच्या खाली चढत-उतरत असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं बोलायचं नाही की करायचं नाही. रुग्णालयांतही हे दिसतं. वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सिडनीतल्या परिचारिकांचं औषधं देतानाचं काम पाहिलं. प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी वाढत होतं. अनुभवी परिचारिका काही निष्काळजी नसतात. व्यत्यय कुणालाही चुकायला लावतो. तुमच्या अहवालाने कुणाचा जीव जाणार नाही, हे मान्य. पण ठरावीक काळ संरक्षित ठेवणं ही लाडाची मागणी नाही, एवढं तुमच्या मनात पक्कं असू द्या.

बोलायचं कसं? 'मला सारखं डिस्टर्ब होतं' असं म्हणू नका. ती तक्रार होते आणि समोरचा बचावात जातो. वेळ सांगा आणि आणीबाणीचा रस्ता उघडा ठेवा: 'साडेदहा ते साडेअकरा मी अहवालावर आहे. तातडीचं असेल तर सरळ फोन करा, मेसेज मी साडेअकराला बघतो.' बहुतेक वरिष्ठांना त्या क्षणी उत्तर नको असतं. उत्तर कधी मिळणार हे कळलेलं हवं असतं. फोन करायला सांगितलं की गंमत होते, दहातले बरेच 'तातडीचे' मेसेज फोन करण्याइतके तातडीचे उरत नाहीत. काही वरिष्ठ ऐकणार नाहीत, तेही मी पाहिलंय. तिथे तासाचा हट्ट धरू नका. वीस मिनिटं मागा किंवा न मागता घ्या. वीस मिनिटं उत्तर आलं नाही म्हणून सहसा कुणी शोधत येत नाही.

मेलच्या बाबतीत आधार हवा असेल तर कुशलेव्ह आणि डन यांचा २०१५ मधला प्रयोग आहे. त्यांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितली आणि एक आठवडा हवी तेव्हा. तीनदाच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. तुम्हाला तीनदा जमणार नसेल तर तासाला एकदा बघा, पण ठरवून बघा.

फोन नजरेआड ठेवावा का, असंही विचारलंत. ठेवा. नुसता बाजूला असलेला फोनही लक्ष खातो की नाही यावर संशोधकांत वाद आहे. २०१७ च्या एका गाजलेल्या प्रयोगाने हो म्हटलं, नंतरच्या सगळ्या प्रयोगांना तसं दिसलं नाही. माझं कारण साधं आहे. फोन दुसऱ्या खोलीत असला की 'वळण्या'साठी उठावं लागतं, आणि उठेपर्यंत लक्षात येतं की आपण बेरीज टाळतोय. उघड्या टॅबचंही असंच. प्रत्येक टॅब ही न लिहिलेली चिठ्ठी असते, विसरू नये म्हणून उघडी ठेवलेली. ती कशासाठी उघडली होती हे एका ओळीत लिहा आणि बंद करा.

दोन गोष्टी यात बसत नाहीत, त्या वेगळ्या सांगते. एक, दोन-तीन मोठी कामं महिनाभर समांतर चालवणं वाईट नाही. एकात अडकल्यावर अर्धा दिवस दुसऱ्यावर जाणं कधी कधी उत्तमच. आपण बोलतोय ते मिनिटामिनिटाच्या उड्यांबद्दल. दोन, लक्ष न टिकणं हे तुमच्या बाबतीत लहानपणापासून, घरी, अभ्यासात, गप्पांमध्येही असेल, किंवा अलीकडेच झोप आणि मन दोन्ही बिघडल्यापासून सुरू झालं असेल, तर चिठ्ठ्या-टायमरच्या नादी न लागता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार), चिंता, नैराश्य, झोपेचे विकार या सगळ्यांत हेच लक्षण दिसतं आणि त्यांवर उपचार आहेत.

तेव्हा या आठवड्यात इतकंच करा. पहिले तीन दिवस फक्त रेघांचा कागद. चौथ्या दिवसापासून चिठ्ठी, पण सगळ्या कामांसाठी नको. दिवसातल्या सर्वांत अवघड कामासाठी फक्त. टायमर, ॲप, नवी वही, यातलं काही आणू नका. रेघा डावीकडे जास्त निघाल्या तर वरिष्ठांशी वेळ ठरवण्याचं बोलणं आधी करा आणि जाताना तो कागद सोबत न्या, कारण आकडे दाखवले की बोलणं तक्रारीसारखं वाटत नाही. उजवीकडे जास्त निघाल्या तर प्रत्येक रेघेपुढे एक-दोन शब्दांत लिहा की त्या क्षणी काम कुठे अडलं होतं. आठवड्यानंतर मला रेघांची संख्या कळवू नका, ते दोन शब्द कळवा. पुढचं मी त्यावरून सांगू शकेन.